हाताला काही अर्थच उरू नये : एका चावऱ्या कार्पेट पायथनचं प्रकरण

प्रकरण कार्पेट पायथन या जातीच्या अजगराच्या एका पिल्लाचं आहे. नर, वय पाच महिन्यांच्या आसपास, लांबी अर्धा मीटर, जाडी करंगळीहून जरा जास्त. बंदिस्तीत जन्मलेलं, कागदपत्रं रीतसर. घरी आल्यावर पहिला आठवडा ते आडोशातून फारसं बाहेरच आलं नाही. दीड महिन्यानंतर चित्र असं होतं : काचेसमोरून कुणी गेलं की काचेवर झेप, झाकण उघडलं की हातावर झेप, आणि पकडून बाहेर काढलंच तर फुत्कार, शेपटीची थरथर आणि अवस्करातून, म्हणजे मलमूत्राच्या द्वारातून, घाण वासाचा द्रव. काचेवर आपटून आपटून तोंडाच्या टोकाचा खवला सोलवटला होता.

पाळणारी मुलगी नवखी नव्हती. तिच्याकडे काही वर्षांपासून बॉल पायथनची मादी आहे आणि ती कुणाच्याही हातात निवांत बसते. अडचण तिथूनच सुरू झाली म्हणायला हरकत नाही. बॉल पायथन घाबरला की डोकं मध्ये घेऊन गोळा होतो, आणि बघणाऱ्याला तो शांत वाटतो. कार्पेट पायथनचं पिल्लू घाबरलं की मानेचा इंग्रजी एससारखा आकडा करून तोंड उघडतं, आणि बघणाऱ्याला ते रागीट वाटतं. भीती दोघांचीही तीच. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतल्या या जातीचा पूर्ण वाढलेला साप दोन मीटरच्या घरात जातो, पण अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू पक्षी, घोरपडी, दुसरे साप अशा सगळ्यांचंच खाद्य असतं. त्याच्याकडे ना वजन आहे, ना विष. आपण आहोत त्यापेक्षा मोठे आणि धोकादायक आहोत असं भासवणं, एवढंच भांडवल.

सल्ल्यासाठी तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "ताई, हा स्वभावानंच असा असेल तर परत देऊ का?" त्याचं उत्तर मी दिलं नाही, कारण तेव्हा ते कुणालाच देता आलं नसतं. आधी ती काय करत होती ते विचारलं.

तिला कुणीतरी सांगितलं होतं की असा साप रोज हाताळायचा, काही झालं तरी सोडायचं नाही, आपोआप थकतो. सल्ला अगदीच निराधार नाही, म्हणूनच तो टिकून आहे. पण ती तो कसा पाळत होती ते पाहा. कामावरून आल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास, बागकामाचे जाड चामडी हातमोजे घालून ती वरचं झाकण काढायची, पिल्लाला वरून धरायची आणि हातात ठेवायची. ते चावलं किंवा त्यानं घाण केली की कंटाळून परत ठेवायची. म्हणजे पाठ काय झाला? वरून काहीतरी झडप घालतं, पकडतं, आणि पुरेसं चावलं की सोडून देतं. रोजचा सराव होत होता खरा, पण तो चावण्याचा.

एक मर्यादा आधीच नोंदवून ठेवते. पुढे जे काही आहे ते बिनविषारी, बंदिस्तीत जन्मलेल्या सापाबद्दल आहे. विषारी सापाला हातात घेऊन सरावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि रानातून उचललेल्या सापाची जागा रानातच.

झेपा तीन प्रकारच्या निघाल्या

हात लावण्याआधी मी तिला व्हिडिओ काढायला सांगितले. फोन पेटीसमोर लावून ठेवायचा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, कधी समोरून चालत, कधी झाकण उघडत, कधी नुसतंच. सापाच्या बाबतीत हे अटळ आहे, कारण झेप डोळ्यांना दिसतच नाही. अनेक जातींच्या सापांच्या झेपा मोजल्या गेल्या आहेत आणि त्या एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपतात. माणसाची पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे 'झेप चुकवू' हा विचार सोडूनच द्यावा. वाचायचं असतं ते झेपेच्या आधीचं.

संथ गतीनं बघितल्यावर ती ज्याला सरसकट 'चावतो' म्हणत होती त्यात तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या.

काचेवरच्या झेपेत तोंड बहुतेक वेळा बंद होतं. डोकं आपटायचं आणि लगेच मागे जायचं. हा निव्वळ दरडावण्याचा प्रकार. दुसरी, हात वरून आत येताना पिल्लू उघड्यावर असेल तर : आधी अंग ताठ, जीभ थांबलेली, मान मागे ओढलेली, शेपटी थरथरती, मग उघड्या तोंडानं झेप आणि क्षणात सुटका. ही भीतीची झेप.

तिसरी मात्र वेगळीच होती, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची नोंद तीच. संध्याकाळी झाकण उघडलं की पिल्लू कधीकधी मागे सरकत नव्हतं, पुढे येत होतं. जीभ भराभर आत-बाहेर, मान सैल, डोकं हाताच्या दिशेनं वळत चाललेलं. मग झेप, आणि ती सुटणारी नव्हे. धरून ठेवून हातमोज्याभोवती वेटोळं घालणारी. घाबरलेला साप तुम्हाला वेटोळं घालत नाही. ही भूक होती. अजगर कुळातल्या कित्येक जातींप्रमाणे कार्पेट पायथनच्या ओठांवरच्या खवल्यांत उष्णता टिपणारे खड्डे असतात. संध्याकाळची वेळ, म्हणजे या निशाचर प्राण्याची शिकारीची वेळ, वरून येणारी गरम वस्तू, आणि अधूनमधून त्याच झाकणातून, त्याच वेळी येणारा उंदीर. पिल्लाचा निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही.

त्यात ते उपाशीही होतं. उंदराची नवजात पिल्लं, ज्यांना पाळणारे पिंकी म्हणतात, तीच अजून चालू होती, तीही दहा-बारा दिवसांनी एक. सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढं भक्ष्य हा साधा अंदाज आहे, आणि त्या हिशोबानं त्याला अंगावर लव आलेली, जरा मोठी उंदराची पिल्लं हवी होती. ती आठवड्याला एक अशी सुरू केली. एवढ्यानंच संध्याकाळच्या झेपा निम्म्यावर आल्या असं ती म्हणते. मोजदाद नीट नव्हती, पण फरक व्हिडिओतही दिसत होता.

पेटी

यादरम्यान सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडून तपासणी झाली. अंगावर माइट, म्हणजे रक्त शोषणारे बारीक जीव, नव्हते, श्वासात घरघर किंवा तोंडाशी बुडबुडे नव्हते, तोंड आतून स्वच्छ, डोळ्यांवर जुन्या कातेची चकती अडकलेली नव्हती. ही पायरी गाळू नये. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तो निघाला नाही तर नजर धूसर होते. ज्याला नीट दिसत नाही तो आधी चावतो आणि मग बघतो.

पेटीत मात्र दोष होते. चारही बाजूंनी उघडी काच. एकच आडोसा, तोही थंड बाजूला. उबदार बाजूचं तापमान ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजूचं २५, म्हणजे आकडे ठीक होते, पण पिल्लाला रोज एक निवड करावी लागत होती : ऊब की सुरक्षितता. अन्न पचवायला ऊब लागते, म्हणून ते पोट भरल्यावर उघड्यावर येऊन बसायचं, आणि नेमकं तेव्हाच त्याला सगळ्यात असुरक्षित वाटायचं.

दुसरी गोष्ट तिला पटायला वेळ लागला. पेटी ज्या कपाटावर होती त्याच कपाटावर तिच्या धाकट्या भावाचा मोठा स्पीकर होता. सापाला बाहेरचा कान नसतो, म्हणून तो बहिरा, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. रॉयल पायथन, म्हणजे आपण ज्याला बॉल पायथन म्हणतो, त्याच्यावर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८० ते १६० हर्ट्‌झच्या पट्ट्यात त्याची श्रवणशक्ती सगळ्यात चांगली आढळली, आणि ती मुख्यतः कंपनं टिपण्याची. स्पीकरचा खर्ज बराचसा याच पट्ट्यात वाजतो. पिल्लाच्या पोटाखालची जमीन रोज संध्याकाळी दोन-दोन तास थरथरत होती. स्पीकर हलला. भाऊ नाराज झाला, पण काचेवर टकटक करून 'त्याला उडी मारायला लावणं' हा त्याचा खेळही त्याच दिवशी बंद करण्यात आला, तेव्हा नाराजीला तेवढं एकच कारण नव्हतं.

पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला. दोन्ही टोकांना एकसारखे, अंग चारी बाजूंनी टेकेल इतके अरुंद आडोसे ठेवले. मोठा प्रशस्त आडोसा माणसाला आवडतो. सापाला अंगाला भिंत लागलेली आवडते. आडव्या फांद्या आणि त्यांवर झाकोळ देणारी कृत्रिम पानं घातली, कारण ही जात झाडांवर चढणारी आहे आणि उंचावर, पानांआड बसलेलं पिल्लू बरंच कमी बिथरतं.

आधी काहीच न करणं

पेटी बदलल्यावर दोन आठवडे हात लावायचा नाही असं ठरलं. पाणी बदलायचं, घाण काढायची, खाऊ घालायचं, बस. ही पायरी लोकांना सगळ्यात जड जाते. पिल्लू आणलंय कौतुकानं, आणि कुणीतरी सांगतं बघत बस. पण सरावणं म्हणजे काय ते लक्षात घेतलं की याला पर्याय दिसत नाही. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आणि तिच्यातून वाईट काही निघत नाही, तेव्हा प्राणी तिच्याकडे लक्ष देणं सोडतो. हे घडायला ती गोष्ट सहन होण्याजोगी सौम्य असावी लागते. ती सोसवण्यापलीकडे गेली तर उलटं होतं : प्रतिक्रिया दर वेळी लवकर आणि जोरात यायला लागते. दीड महिना हेच झालं होतं. आधी ते खाली उतरायला हवं होतं.

या काळात ती रोज पेटीपासून थोड्या अंतरावर खुर्ची टाकून वाचत बसायची. पहिल्या आठवड्याच्या शेवटी काचेवरच्या झेपा थांबल्या. खरं तर समोरची एक बाजू सोडून सगळं झाकल्यावर त्या थांबणारच होत्या, त्यामुळे याचं श्रेय मी वाचनाला देत नाही.

खाऊ घालण्याच्या पद्धतीवर आमचे मतभेद झाले. तिला वाटत होतं की पिल्लाला वेगळ्या डब्यात नेऊन खायला द्यावं, म्हणजे पेटीत हात आला की अन्न आलं असं त्याला वाटणार नाही. हा समज फार पसरलेला आहे. मला तो या पिल्लासाठी चुकीचा वाटला. भुकेलेल्या, झेप घ्यायला टपलेल्या सापाला आधी उचला, मग पोटात भक्ष्य असताना पुन्हा उचला : हाताळणीच्या दोन सगळ्यात वाईट वेळा आपणच तयार करायच्या. जेवणानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावू नये, नाहीतर ते ओकून टाकण्याचा धोका असतो. त्यापेक्षा अन्न पेटीतच, लांब चिमट्यानं, आणि अन्न नसण्याची खूण वेगळी.

काडी

ती खूण म्हणजे काडी. कागदाची घट्ट सुरळी, टोकाला मऊ कापड. काही जण सापाचा हुक वापरतात, तोही चालतो. झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी काडी आत जाते आणि सापाच्या अंगाला, साधारण मध्यावर, हलकेच टेकते. डोक्याला नाही, शेपटीला नाही. काडी लागली त्या दिवशी अन्न नाही, कधीच नाही. अन्नाच्या दिवशी काडी नाही; थेट चिमटा आणि कोमट केलेला उंदीर. दारावर टकटक करून आत यावं तसा हा प्रकार आहे, आणि त्याचा उपयोग पिल्लाला भीती घालवायला नव्हे, तर प्रश्न सोडवायला होतो : आलंय ते खायचं आहे की नाही?

पहिल्या काही वेळा काडीवर झेपा आल्या. सूचना एकच होती, काडी मागे घ्यायची नाही. तशीच स्थिर ठेवायची, पिल्लू मागे सरून मान सैल सोडेल तोवर थांबायचं, मग काडी सावकाश काढायची आणि झाकण लावायचं. दिवसाचं काम संपलं. कापडात दात अडकू नयेत म्हणून कापड गुळगुळीत विणीचं घेतलं होतं. कार्पेट पायथनच्या वरच्या जबड्यात दातांच्या चार आणि खालच्या जबड्यात दोन ओळी असतात, सगळे मागे वळलेले; सुती टॉवेलच्या धाग्यांत ते अडकले आणि ओढाताण झाली तर तुटतात. चामडी हातमोजे बंद करण्याचं एक कारण हेच, आणि दुसरं, मोठं कारण असं की जाड हातमोज्यातून आपण केवढ्या जोरानं धरलंय ते कळत नाही.

आठवड्याभरात काडीच्या स्पर्शाला उत्तर बदललं. आधी ताठरपणा, मग नुसतं डोकं वळवणं, मग जीभ दोनदा लपलपवून दुसरीकडे बघणं. कुणाला हे किरकोळ वाटेल. मला विचाराल तर प्रकरण इथेच फिरलं. हातात घेण्याचा भाग त्यानंतरचा.

हात

वेळ बदलली. संध्याकाळऐवजी सकाळी लवकर, जेव्हा रात्रभर हिंडून पिल्लू फांदीवर विसावलेलं असायचं. आडोशात असेल तर त्या दिवशी सुट्टी. आडोशातून ओढून काढायचं नाही, हा नियम मी कधीच सैल करत नाही. जिथे कुणी हात घालत नाही अशी एक तरी जागा प्राण्याला असावी.

हात बिनवासाच्या साबणानं धुतलेले. बॉल पायथनला किंवा उंदराला हात लावून आलेला हात म्हणजे अन्नाचा वास. काडी टेकवायची, उत्तर बघायचं. मान ताठ असेल तर थांबायचं. सैल असेल तर हात बाजूनं, पिल्लाच्या पातळीवरून किंवा खालून, अंगाच्या मध्याखाली सरकवायचा. वरून कधीच नाही, कारण वरून येतात ते शिकारी पक्षी. आणि एकदा हात पुढे केला की रेंगाळायचं नाही. सगळ्यात जास्त चावे मिळतात ते अर्ध्यावर थबकलेल्या, कापणाऱ्या, मागे-पुढे होणाऱ्या हाताला. तिला सुरुवातीला पातळ हातमोजे आणि लांब बाह्या घालायला सांगितलं ते सापासाठी नव्हे, तिच्या हाताची थरथर जावी म्हणून.

हातात आल्यावर धरायचं नाही. आधार द्यायचा. पिल्लू पुढे सरकलं की दुसरा हात पुढे, मग पहिला त्याच्यापुढे. त्याला वाट मिळत राहते, कुठे पोहोचत मात्र नाही. पहिली हाताळणी दोन-तीन मिनिटांची. आणि शेवट कधी करायचा यावर मी जरा हट्टी आहे : घड्याळ बघून नाही, अंग बघून. पळण्याची घाई कमी झाली, जीभ संथ झाली, अंगाचा विळखा बोटांवर सैल पडला, की तेव्हाच परत ठेवायचं. अंग सैल सोडल्यावर सुटका होते हे त्याला कळायला हवं, चावल्यावर सुटका होते हे विसरायला हवं. चावलाच तर हात स्थिर ठेवून तो निवळेपर्यंत थांबायचं आणि मग ठेवायचं.

चावा होणार हे गृहीत होतं आणि तो झाला. एवढ्या पिल्लाचा चावा म्हणजे टाचण्यांच्या ओळीसारखे ठिपके आणि थोडं रक्त. साबण-पाण्यानं नीट धुवायचं, धनुर्वाताची लस चालू आहे ना ते पाहायचं. एकदा त्यानं धरून ठेवलं तेव्हा तिनं हात हिसकला नाही, हे तिचं खरं कौतुक. दात मागे वळलेले असल्यामुळे हिसकल्यावर आपली कातडी फाटते आणि सापाचे दात जातात. थंड पाण्याची बारीक धार तोंडाजवळ सोडली की बहुतेक पिल्लं सोडतात. यानंही सोडलं.

आठवड्यातून तीन-चार वेळा, जेवणाचा दिवस आणि त्यानंतरचे दोन दिवस सोडून, असा क्रम बसला. प्रत्येक वेळेनंतर हात पुन्हा धुवायचे, कारण निरोगी दिसणारा सरपटणारा प्राणीही सॅल्मोनेला हे आजार पसरवणारे जिवाणू बाळगून असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी तर लांबच राहिलेलं बरं.

मागे सरकलेले आठवडे

सरळ रेषेत सुधारलेलं प्रकरण माझ्या तरी बघण्यात नाही. इथे तीनदा मागे जावं लागलं.

पहिलं कारण कात. एके सकाळी पिल्लानं काडी लागताच फुत्कार टाकला, दुसऱ्या दिवशी झेप. तिनं घाबरून फोन केला. फोटोत डोळे दुधाळ, निळसर दिसत होते, पोट गुलाबी. जुन्या आणि नव्या कातेच्या मध्ये द्रव साठतो तेव्हा डोळ्यांवरच्या खवल्याआड सगळं अंधुक होतं. काम बंद. डोळे निवळल्यावर काही दिवसांनी कात अखंड निघाली, आणि पिल्लू पुन्हा होतं तिथे आलं. तेव्हापासून डोळ्यांचा रंग बघणं ही काडीच्याही आधीची पायरी झाली.

दुसरं, ती दोन आठवडे बाहेरगावी गेली. परत आल्यावर पहिल्या दिवशी मान मागे, शेपटी थरथरती. तिला वाटलं सगळं पाण्यात गेलं. असं होतंच : सरावलेली प्रतिक्रिया पुसली जात नाही, दबते, आणि खंड पडला की डोकं वर काढते. फक्त दुसऱ्यांदा ती लवकर मावळते. चार-पाच सकाळींत गाडी रुळावर आली.

तिसरं तिच्या बाबांमुळे. लेकीच्या हातात साप शांत बसलेला बघून त्यांना हुरूप आला आणि त्यांनी वरून, काडी न लावता, हात घातला. साहजिकच चावा. बाबा म्हणाले, "हा फक्त तुलाच ओळखतो गं." ओळखीचा भाग असेलही, वासातून असणं शक्य आहे. पण त्यांनी तिचीच पद्धत, काडीपासून, बाजूनं हात, सैल पडल्यावर परत, अशी पाळली तेव्हा पिल्लानं त्यांनाही स्वीकारलं, आणि तिला लागला त्याहून कमी वेळात. म्हणजे पिल्लू माणसाला सरावलं त्याहून जास्त क्रमाला सरावलं होतं, असं मी म्हणेन.

मध्येच एका आठवड्यात त्यानं उंदीर नाकारला. एवढ्यावरून घाबरायचं कारण नसतं, पण आम्ही हाताळणी निम्म्यावर आणली. खाणं, शी, अखंड कात आणि वजन हे चार आकडे वहीत चालू होते आणि त्यांतला एकही बिघडला तर हात आवरता घ्यायचा हे आधीच ठरलं होतं. बाहेरून शांत दिसणारा आणि खाणं सोडलेला साप माणसाळलेला नसतो. तो हरलेला असतो.

वय की हाताळणी?

सहा महिन्यांत पिल्लू एक मीटरच्या जवळ गेलं. आता कुणीही विचारू शकतं, आणि विचारावंच, की हे सगळं नुसत्या वाढीनं झालं नसतं का? कार्पेट पायथनची पिल्लं चावरी असतात आणि मोठी झाल्यावर बरीच निवळतात हे पाळणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. ज्याच्यावर झडप घालणारे कमी झाले त्याला ओरडायचं कारणही कमी.

याच घरट्यातलं एक भावंड पैदास करणाऱ्याकडेच राहिलं आहे. त्याला फारसं कुणी हाताळत नाही आणि ते अजून हातावर येतं. पण एका भावंडावरून काही सिद्ध होत नाही. एकाच जातीच्या सापांमध्येही जन्मापासून फरक असतो. हॅरल्ड हर्झॉग आणि गॉर्डन बर्गहार्ट या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या गार्टर सापांच्या पिल्लांवर १९८०च्या दशकात जे काम केलं त्यात वेगवेगळ्या वेतांतली पिल्लं बचावाच्या प्रतिक्रियेत आणि तिला सरावण्यातही एकसारखी नव्हती. तेव्हा हे पिल्लू भावंडाहून मुळातच मवाळ असेल, ही शक्यता खोडता येत नाही.

तरी दोन गोष्टी मला हाताळणीच्या बाजूला झुकवतात. बदल वाढीच्या गतीनं आला नाही. काडी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आला, जेव्हा लांबीत बोटभरही फरक नव्हता. आणि बाबांचा प्रसंग : त्याच आकाराचं, त्याच वयाचं, त्याच सकाळचं पिल्लू क्रम चुकल्यावर चावलं आणि क्रम पाळल्यावर नाही. वाढीनं हे समजावता येत नाही. अन्नाचं प्रमाण आणि पेटीतले बदल यांचा वाटा मात्र मी हाताळणीइतकाच धरते, कदाचित काकणभर जास्तच. ते केलं नसतं तर काडीला पाय टेकायला जागाच मिळाली नसती.

सध्या

तो हातात पंधरा-वीस मिनिटं राहतो. बहुतेक वेळ मनगटावरून कोपराकडे आणि परत असा हिंडतो. फुत्कार काही महिन्यांत ऐकलेला नाही. पण काडी न लावता संध्याकाळी झाकण उघडलं तर तो आजही पुढे येतो, जीभ भराभर, आणि मला ते घालवायचंही नाही. ती त्याची भूक आहे, निरोगी आहे. त्याला हाताची ओढ लागलेली नाही. तशी काही चिन्हं सापात शोधू नयेत असं मी तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं. हात म्हणजे अन्न नाही, हात म्हणजे घार नाही, हात म्हणजे एक हलती फांदी, इतकंच साधायचं होतं, आणि ते साधलं आहे.

पूर्ण वाढ झाल्यावर तो दोन मीटरच्या घरात जाईल आणि तेव्हाचा चुकीचा चावा ठिपक्यांवर भागणार नाही. म्हणून काडी कायमची, तो कितीही शांत झाला तरी. पुढच्या महिन्यात त्याला समोरून उघडणाऱ्या मोठ्या पेटीत हलवायचं आहे. वरून हात जाण्याचा प्रश्न त्यानं एकदाचा मिटेल. जुन्या फांद्या आणि दोन्ही आडोसे न धुता तसेच न्यायचे, म्हणजे त्याचा स्वतःचा वास तिथे आधी पोहोचेल. समोरच्या काचेचा खालचा अर्धा भाग सुरुवातीला कागदानं झाकायचा. पहिले दोन आठवडे हात नाही, फक्त पाणी, सफाई आणि उंदीर. दोनदा नीट खाल्लं की तिसऱ्या आठवड्यात काडीपासून पुन्हा सुरुवात. भावानं स्पीकरसाठी नवीन पेटीशेजारचा कोपरा मागितला आहे. त्याला नाही म्हणून सांगितलं आहे.